जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) घेऊन गावात बसवायची आहे. कोणती घ्यावी, आणावी कशी? (मदत हवी आहे)

जिनिंगवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी.

दारव्हा तालुक्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक एम१टीआर मिलिंग, रेडियल ड्रिल, वेल्डिंग. जिनिंगचे पार्ट, दाल मिलचे शाफ्ट-पुली, थ्रेशरची दुरुस्ती अशी कामं. सीझनला रात्री बारा वाजतात, अन् मृगात सगळे पेरणीला लागले की आम्ही माशा मारत बसतो.

दोन वर्षांपासून बेअरिंग हाउसिंगची रिपीट ऑर्डर मिळून राहिली आहे. बिडाचा नग, एक फेस, एक बोअर, पीसीडीवर (एका वर्तुळावर) चार भोकं. मिलिंगवर होतं, पण पहिला नग अन् पन्नासावा नग सारखा निघत नाही. म्हणून हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्कला टाकतो. त्याची मजुरी जाते ती जाते, वरून गाडीभाडं अन् दर खेपेला "उद्या या" ऐकणं. मागच्या हंगामात एक ऑर्डर ह्या "उद्या"पायीच गेली.

आता जुनी व्हीएमसी घ्यायचं ठरवलं आहे. तीन पाहून ठेवल्या.

पहिली भोसरीत. २००८ची, भारतीय बनावटीची, बीटी-४० मापाचं स्पिंडल, २० टूलचं एटीसी (आपोआप टूल बदलणारं), फॅनुक ०आय-एमसी कंट्रोल. साडेनऊ लाख सांगतात. दिवाळीपासून बंद आहे. दुसरी राजकोटला, २०१४ची, ०आय-एमडी, चालू शॉपमध्ये उभी आहे. पावणेतेरा लाख, एक रुपया कमी नाही म्हणतो. तिसरी जपानी, १९९८ची, साडेपाच लाख. दलाल म्हणतो की "जपानी लोखंड आहे, नातू वापरेल."

माझा जीव भोसरीच्या मशीनवर आहे, कारण खिसा तिथपर्यंतच पोचतो. पण सीएनसी मला चालवता येते, तपासता येत नाही.

अन् आणण्याची भीती वेगळीच. २०१९ मध्ये रेडियल ड्रिल आणली तेव्हा हायड्रावाल्यानं (क्रेनवाल्यानं) सरळ आर्मला पट्टा टाकला. मी "थांब थांब" म्हणेपर्यंत ती हवेत होती अन् गरकन फिरली. आर्म आजही एका बाजूला जड जातो. व्हीएमसीचं असं झालं तर मी कामातूनच गेलो.

शेड टिनाची, खाली काळी माती, वर चार इंचाचा कोबा. लाइट कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणानं सांगावं.

जुना_फिटर

भाऊ, तीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली, म्हणून सांगतो. बंद मशीन पाहायला जाऊ नका, मशीन चालू करून दाखवायला लावा. भाड्याचा जनरेटर लावा म्हणा, पण दाखवा. विकणारा "सगळं ओके आहे, फक्त कनेक्शन नाही" म्हणत असेल तर ते कनेक्शन काहून नाही हे आधी विचारा.

दिवाळीपासून बंद म्हणजे बॅटऱ्यांचा प्रश्न आला. कंट्रोलमध्ये मेमरीची एक लिथियम बॅटरी असते अन् एन्कोडरच्या (ॲक्सिसची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या) वेगळ्या असतात. मशीन चालू असली की त्यांच्यावर ताण येत नाही, महिनोन्महिने बंद ठेवली की त्या उतरतात. एन्कोडरच्या गेल्या तर होम पोझिशन हरवते, ते परत बसवता येतं. मेमरीची गेली तर पॅरामीटर (मशीनची सगळी सेटिंग) साफ. बॅकअप नसेल तर साडेनऊ लाखाचं लोखंड घरी आणलं म्हणून समजा.

चालू झाली की आधी सेटिंगच्या पानावरचे तास पाहा. पॅरामीटर ६७५० मध्ये एकूण पॉवर-ऑन वेळ मिनिटांत असतो, ६०नं भागा. मग १८५१ उघडा. तिथं प्रत्येक ॲक्सिसची बॅकलॅशची (दिशा बदलताना पडणाऱ्या ढिलाईची) भरपाई टाकलेली असते. ही जागा लोक पाहत नाहीत. बॉलस्क्रू (ॲक्सिस सरकवणारा स्क्रू) घासला की आकडा वाढवून टाकतात अन् गिऱ्हाइकापुढं डायल लावून दाखवतात, काटा हलत नाही. गिऱ्हाईक खूश. आकडा कागदावर लिहून घ्या, शून्य करा, स्पिंडलला डायल लावून टेबल ०.०१च्या टप्प्यानं पुढं-मागं करा. खरी बॅकलॅश तेव्हा दिसते. झाल्यावर जुना आकडा आठवणीनं परत टाका.

स्पिंडल अर्धा तास पळवा, कान द्या, नंतर नाकाशी हात लावून पाहा. टेस्ट मॅन्ड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून रनआऊट, म्हणजे फिरतानाचा डगमग, मोजा. तोंडाशी ५ मायक्रॉनच्या आत अन् ३०० मिमीवर १५च्या आत असेल तर डोळे मिटून घ्या. एटीसीचे वीसही टूल बदलायला लावा, दोन-तीन फेऱ्या. टेलिस्कोपिक कव्हर सरकवून खालच्या गाइडला बोट लावा. तेलाचा थर लागला पाहिजे. कोरडं असेल किंवा कूलंटचा चिखल असेल तर लुब्रिकेशनची लाइन तुंबली आहे अन् मालकानं कधी पाहिलं नाही.

जपानीचा नाद सोडा. मशीन चांगलीच असेल, पण त्या बहुतेक २०० व्होल्टच्या असतात. ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल, अन् पंचवीस वर्षांपूर्वीचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) गेला तर दारव्ह्यात काय, नागपुरातही लवकर मिळायचा नाही.

वणीचा_मिस्त्री

राजेहो, मशीन कोणतीबी घ्या, पयले जमीन पाहा. माह्यासंग झालं थे सांगतो.

माही बी शेड काळ्या मातीतच. फेब्रुवारीत व्हीएमसी बसवली, लेव्हल करणारा नागपूरहून आणला, बुडबुडा मधोमध. एप्रिल-मे झकास काम. जुलैत एक दिवस फेसिंगला पायरी दिसू लागली, नखाला लागे इतकी. आधी कटर बदलला, मग इन्सर्ट, मग पोऱ्यावर ओरडलो. शेवटी टेबलावर लेव्हल ठेवली तं बुडबुडा तीन घरं सरकलेला! पावसानं माती फुगली, कोबा एका बाजूनं उचलला अन् मशीनबी त्याच्यासंग. दिवाळीनंतर माती तडकली तं उलट्या बाजूनं गेली. दोन वर्षं हाच तमाशा.

मंग मशीन काढली अन् खड्डा केला. सव्वा मीटरवर मुरूम लागला. तिथपर्यंत काळी माती सगळी उपसली, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकला, वर ४०० मिमीचं आरसीसी, सळई खालीवर दोन जाळ्यांत. अन् मुख्य गोष्ट, चारी बाजूंनी एक इंच थर्माकोल टाकून थे शेडच्या कोब्यापासून सुटं ठेवलं. कोबा वर जाईल, खाली जाईल, मशीनले घेणंदेणं नाही. आता पोळा झाला की एकदा लेव्हल पाहतो, बस.

तुम्ही मशीन यायच्या आधीच हे करा. काँक्रीटले २८ दिवस द्या. मशीन दारात उभी अन् खड्डा ओला, अशी पाळी आणू नोका.

भोसरीकर

दादा, वाहतुकीचं मी सांगतो, आमचा रोजचा धंदा आहे.

एवढ्या मशीनचं वजन साडेचार ते सहा टन धरा. नेमकं किती ते प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, मालकाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. हायड्रा "१४ टनी" असला तरी तो आकडा बूम (क्रेनचा हात) आत असतानाचा. बूम लांबवला की दोन-तीन टनालाच मागची चाकं हलकी होतात. म्हणून तो मशीनला चिकटून उभा राहील एवढी जागा दोन्हीकडे आहे का ते आधी बघा.

पट्टा लावायचा तो बेडच्या ठरलेल्या भोकांत बार घालून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या आयबोल्टला. स्पिंडल हेडला, टेबलाला, पत्र्याला कधीच नाही. आधी दोन इंच उचला आणि थांबा. तिरकं होतंय का बघा, खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा. तुमच्या ड्रिलवाल्यानं हे केलं असतं तर आर्म वाचला असता.

उचलायच्या आधी टेबल मधोमध, हेड खाली आणून टेबलावर लाकडी ठोकळ्यावर टेकवा. ट्रान्झिटचे क्लॅम्प असतात, बहुतेकदा रंगवलेले. ते हरवले असतील तर पट्टी कापून बनवा, पण ॲक्सिस मोकळे सोडू नका. कूलंट काढून टाका, नाहीतर रस्ताभर सांडेल आणि इलेक्ट्रिक पॅनलमध्ये शिरेल. वायरी सोडताना प्रत्येक टोकाला टॅग आणि मोबाइलवर फोटो. आणि पॅरामीटर, लॅडर (मशीनचा आतला प्रोग्राम), पिच एररची भरपाई यांचा बॅकअप मशीन चालू असतानाच कार्डवर घ्या. फॅनुकवर चालू करताना उजवीकडच्या शेवटच्या दोन सॉफ्ट-की दाबून धरल्या की बूटचं पान येतं, तिथून अख्खी एसरॅम (कंट्रोलची मेमरी) उतरते. दोन कॉप्या करा, एक खिशात ठेवा.

पुण्याहून येणार असाल तर जालन्याला समृद्धी पकडून कारंजा लाडला उतरा, रस्ता लोण्यासारखा आहे. राजकोटहून सुरत-धुळे-अकोला असं हजारेक किलोमीटर पडेल. पण खरी फजिती शेवटच्या दोन किलोमीटरला होते. ट्रकच्या फाळक्यावर मशीन ठेवलं की उंची चार मीटरच्या आसपास जाते. गावातल्या लोंबत्या तारा एकदा मोजून या. आणि तुमच्या शेडच्या दाराची उंचीही. कॉलमवरची झेड मोटर काढली तर थोडी उंची वाचते.

बिलावर सिरियल नंबर, ई-वे बिल, ट्रान्झिट इन्शुरन्स. आणि मशीनवर बँकेचा बोजा नाही याचं पत्र. हे शेवटचं पुष्कळ जण विसरतात.

जिनिंगवाला_दारव्हा

काळ्या मातीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, बाप्पा. कालच खणायला सुरुवात केली. साडेतीन फुटांवर पिवळट लागलं आहे, अजून थोडं जातो.

लाइटचं कोणी सांगेल का? सध्या १५ किलोवॉट मंजूर आहे. वेल्डिंग लागलं की बल्ब मान टाकतो.

जुना_फिटर

व्हीएमसी अन् कंप्रेसर धरून भार वाढवावाच लागेल. २० किलोवॉटच्या पुढं गेलात की महावितरणचं बिल डिमांडवर (एका वेळी ओढलेल्या कमाल भारावर) जातं, हे हिशेबात धरा. सर्वो स्टॅबिलायझर अन् आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही घ्या. अर्थिंग फक्त ह्या मशीनसाठी नवं करा, वेल्डिंगचं त्याला जोडू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच, आपल्याकडे एक फेज कधी उडेल सांगता येत नाही. पहिल्यांदा चालू करताना फेजचा क्रम तपासा. उलटा असला तर पंप उलटे फिरतात अन् माणूस दिवसभर कूलंट काहून येत नाही म्हणून पाइप खोलत बसतो.

अन् मे महिन्यात टिनाखाली ४५ डिग्रीत ड्राइव्ह गरम होऊन अलार्म देईल. पॅनलचा एसी चालू आहे का ते घेतानाच पाहा. पत्र्याखाली सीलिंग टाका.

जिनिंगवाला_दारव्हा

भोसरीला जाऊन आलो. मशीन चालू करून दाखवा म्हटलं तर आधी दोन तास चहाच पाजला. शेवटी शेजारच्या शॉपमधून केबल ओढली. बॅटरीचा अलार्म होता, पण पॅरामीटर शाबूत.

मालक म्हणाला, "टूलरूमची मशीन आहे, जेमतेम चालली." ६७५० मध्ये २५ लाख ८० हजार. भागून पाहिलं, ४३,००० तास. १८५१ मध्ये एक्सला ६२ मायक्रॉन, वायला १८. एक्सचं शून्य करू का विचारलं तर म्हणे, "ते कंपनीचं सेटिंग आहे, हात लावू नका." मी म्हटलं मग आम्हीही चेकला हात लावत नाही. टेलिस्कोपिक उचललं तर खाली सायकलच्या मडगार्डमध्ये साचतो तसा काळा लगदा.

परत निघालो तर आठ लाखाला तयार झाला. खोटं कशाला सांगू, एसटी स्टँडवर बसून तासभर हिशेब केला. एक्सचा बॉलस्क्रू, बेअरिंग, बसवणावळ धरली तर राजकोटच्याच जवळ जात होतो, अन् मशीन त्याहून सहा वर्षं जुनी.

आता राजकोटला पुढच्या मंगळवारी जातो. त्याला फोनवर सांगितलं, माझे दोन कच्चे हाउसिंग घेऊन येतो, माझ्यासमोर करून दे, मी मोजतो. तो लगेच हो म्हणाला, याचाच अर्धा धीर आला. पैसे कमी पडतात त्यातले काही मेहुणा देतो म्हणतो, बाकी बँक.

खड्डा चार फुटांवर थांबला, खाली पक्का मुरूम आहे. सळई बांधून झाली, रविवारी काँक्रीट. तारा पण मोजल्या. देवळाजवळची एक पावणेचार मीटरवर आहे, लाइनमनला सांगून ठेवलं.

एकच अडलं आहे. बीटी-४०चं टेस्ट मॅन्ड्रेल माझ्याकडे नाही, राजकोटवाल्याचं वापरायला मन घेत नाही. यवतमाळ-वणीकडे कोणाकडे आठ दिवसांसाठी मिळेल का?

वणीचा_मिस्त्री

आहे माह्याकडे. रविवारचं काँक्रीट उरकून सोमवारी सकाळी या. लाकडाच्या पेटीतच न्या अन् पेटीतच आणा, आडवं ठेवू नोका, पेटीत उभं राहते तसंच राहू द्या. येताना थो कच्चा हाउसिंग बी दाखवा, माही मशीन आजकाल रिकामीच असते.