रसायनशास्त्रातील रस संपला, पदवी मात्र बाकी आहे

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्रात आता मन रमत नाही, ओढा इतिहासाकडे आहे, तर पदवी पूर्ण करण्याची उमेद कशी टिकवावी?

उत्तर १: आवड परतण्याची वाट पाहू नका. राज्यसेवेतील बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि अनेक विद्यापीठांत विज्ञान पदवीधरांना इतिहासात एम.ए. करता येते, म्हणून उरलेली सत्रे तुमच्याच वाटेवरची आहेत, असे मला वाटते.

उत्तर २: सहमत, परंतु मन खरोखर थकले असेल, तर खंड घेण्याचाही विचार करता येतो, कारण अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) साठवणाऱ्या डिजिटल खात्यातील, श्रेयांक कमाल 7 वर्षे ग्राह्य राहतात. खंड घेण्यापूर्वी महाविद्यालयात चौकशी अवश्य करावी.

उत्तर ३: प्रात्यक्षिके मात्र चुकवू नका, कारण ती घरी बसून भरून काढता येत नाहीत.