हृदयरोगतज्ज्ञाचा अनुभव कसा पडताळायचा? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या वडिलांना, वय ६८, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा आजार आहे. नाडी मध्येच अडखळते, मग एकदम पळत सुटते. हल्ली ते बोलता बोलता गप्प होतात आणि दोन बोटं मनगटावर ठेवून बसतात. ते पाहवत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, पण लय सांभाळणारी औषधं पुरेनाशी झाली म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सुचवलंय. म्हणजे जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन गडबड करणाऱ्या जागा निकामी करायच्या.

डॉक्टर शांतपणे समजावतात, विश्वास वाटतो. पण त्यांच्या नावापुढची अक्षरं वाचून गोंधळले. एफएसीसी ही अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीची फेलोशिप, म्हणजे मानाचं सदस्यत्व. या प्रक्रियेचं प्रशिक्षण नव्हे, एवढं कळलं. त्यांचं मुख्य काम अँजिओप्लास्टीचं दिसतं. स्टेंट घालणं म्हणजे रक्तवाहिन्यांचं काम, तर अ‍ॅब्लेशन हे हृदयाच्या विद्युत लयीचं. त्यासाठी इलेक्ट्रोफिजिऑलॉजीचं वेगळं प्रशिक्षण असतं ना?

तुमच्यापैकी कुणी घरच्यांसाठी हे करून घेतलंय का? प्रशिक्षण खरंच झालंय हे कसं पाहिलंत? मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत मूळ पदवीपलीकडचं काही दिसतं का? आणि "वर्षाला अशा किती केसेस करता, गुंतागुंत किती जणांना होते" हे डॉक्टरांना न दुखावता कसं विचारलंत? बाबांसमोर विचारावं की एकटीने भेटून, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात होकार कळवायचाय.