शब्दचर्चा: ‘सुप्रसिद्ध सेलिब्रिटी’ बरोबर आहे का?
(बोलणाऱ्यांच्या नावांच्या जागी सोलापुरातल्या त्यांच्या भागांची नावं आहेत.)

नवी पेठ
दुकानाच्या उद्घाटनाचं डिजिटल करताना मजकुरात हमखास येतं: ‘सुप्रसिद्ध सेलिब्रिटी यांच्या शुभहस्ते’. (सोलापूरबाहेरच्यांसाठी: फ्लेक्सला इथं डिजिटल म्हणतात. ‘चौकात डिजिटल लागलंय’ म्हणजे कुणाचा तरी वाढदिवस.) सेलिब्रिटी प्रसिद्ध असणारच, मग ‘सुप्रसिद्ध’ कशाला? मराठीत काय लिहावं: ख्यातनाम, नामवंत, कीर्तिवंत, वलयांकित?

बाळीवेस
पुनरुक्ती आहेच, पण खरी अडचण वेगळी. मराठीत ‘प्रसिद्ध’ला पुढे काहीतरी लागतं. प्रसिद्ध गायक, प्रसिद्ध सर्जन. सोलापूरची शेंगाचटणी प्रसिद्ध आहे, म्हणजे खाऊन खात्री करता येते. ‘प्रसिद्ध सेलिब्रिटी’त कशाबद्दल प्रसिद्ध ते सांगितलेलंच नाही. अमेरिकन इतिहासकार डॅनियल बूर्स्टिन यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच सेलिब्रिटीची व्याख्या केली होती, ती साधारण अशी: प्रसिद्ध असल्याबद्दल प्रसिद्ध असलेला माणूस. डिजिटलवाल्यानं नकळत तीच व्याख्या छापलीय.

शब्द निवडताना सोबतचं क्रियापद तपासा. प्रसिद्धी ‘देता’ येते, ‘करता’ येते, पैसे मोजून ‘मिळवता’ येते. कीर्ती मिळवतात, पण ‘मी त्याला कीर्ती दिली’ असं कुणी म्हणत नाही. ती होते, पसरते, मागे उरते. कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे. दोन्हींत दुसऱ्यानं तोंड उघडावं लागतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, 1942 साली चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारले. तिकडे अजून त्यांचं नाव घेतात. तिथं ‘कीर्ती’ शोभते. फीत कापणाऱ्याला ‘कीर्तिवंत’ म्हटलं तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल.

सात रस्ता
‘सेलिब्रिटी’चं मूळ लॅटिन ‘सेलेबर’. अर्थ: गजबजलेलं, वर्दळीचं. म्हणजे शब्द आधी गर्दीच्या जागेचा, माणसाचा नंतर. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, हे विशेषण अगदी चपखल बसलं असतं. आणि इंग्रजी ‘फेम’चं मूळ ‘फामा’, म्हणजे बोलवा, वदंता. चांगली की वाईट, हे त्यात ठरलेलं नाही.

आपल्याकडची उलटी गंमत म्हणजे ‘यश’. संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती. मराठीत तो शब्द ‘सफलता’कडे सरकला. पूर्वी नुसतं नाव झालं तरी यश, आता काम फत्ते झालं तर यश. रील्सवाल्यांनी तो परत संस्कृतात नेऊन ठेवला म्हणायचं.

विजापूर वेस
‘वलयांकित’ छापील मराठीत चालतो, पण त्यातलं चित्र बघा. वलय म्हणजे कडं; इथं डोळ्यांसमोर येते ती देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ. ती मूर्तीपासून सुटी काढून चिंचेनं घासता येते. हल्ली डिजिटलवर वलय आधी येतं, चेहरा नंतर बसवतात.

बोलीतला रोखठोक शब्द आहे ‘चमको’. भाववाचक ‘चमकोगिरी’. कुणाच्याही कार्यक्रमात फोटोत पुढं सरकणारा तो चमको. समोर म्हणू नका. ‘टेंभा मिरवणे’ त्याच्या जवळचं, पण टेंभा म्हणजे मशाल, निदान उजेड तरी पडतो.

‘नाव काढणे’ मात्र सांभाळून. ‘पोरानं बापाचं नाव काढलं’ यात नाव बापाचं, कष्ट पोराचे. स्वतःचं नाव स्वतः काढता येत नाही, ‘कमवावं’ लागतं. आणि ‘त्याचं नाव काढू नका’ म्हटलं की सगळंच फिरलं.

चाटी गल्ली
‘सुपारी’ची चर्चा कशी राहिली? पैसे ठरवून पाहुणा किंवा कलाकार बोलावणं म्हणजे सुपारी. तमाशा, ऑर्केस्ट्रा आणि आता उद्घाटनं, सगळीकडे बोलताना सुपारीच. ठराव पक्का केल्याची खूण म्हणून सुपारी द्यायची, त्यावरून आला. पत्रिकेवर मात्र ‘मानधन’. सुपारीत मान नसतो, हिशेब असतो: आधी किती, आल्यावर किती, किती वेळ थांबणार, सेल्फी किती जणांबरोबर, गाडी कुणाची. हे तोंडी ठेवलं की मंडपात वाद. पाहुणा वीस मिनिटांत निघतो, कारण पुढची सुपारी असते. वीस मिनिटांत निघणार हे कुणी विचारलेलंच नसतं. गुन्ह्याच्या बातमीतली सुपारीही हीच, फक्त काम वेगळं.

टिळक चौक
मजकुराचं शुद्धलेखन आधी बघा. ‘प्रसिद्ध’मध्ये द खाली ध, म्हणजे द्ध; ‘प्रसिध्द’ चूक. ‘कीर्ती’, ‘प्रसिद्धी’ सुटे लिहिले तर शेवटी दीर्घ. समासात ऱ्हस्व: कीर्तिस्तंभ, प्रसिद्धिपत्रक. ‘हार्दिक’ला दि ऱ्हस्व. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, म्हणून छपाईआधी नमुना प्रत मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर वाचा. परवानगी न घेता डिजिटल लावू नका. 1995च्या कायद्याच्या नावातच या प्रकाराला शब्द आहे: ‘मालमत्ता विद्रूपण’. चर्चेतला सगळ्यात नेमका शब्द सरकारनं दिलाय, हे मान्य करायला हवं.

नवी पेठ
मग शेवटी लिहायचं काय?

बाळीवेस
‘उद्घाटक’ आणि खाली नाव. विशेषण नकोच. फारच आग्रह असला तर ‘रील स्टार’ लिहा, निदान कशाबद्दल ते तरी कळतं.

टिळक चौक
विशेषण काढलं तर पाहुणा रागावणार नाही. फोटो लहान केला तर रागावेल. दहा बाय आठ फुटांवर व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फुटतो, चेहऱ्याचे चौकोन दिसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.