शब्दचर्चा: ‘धोका नकाशा’ की ‘जोखीम नकाशा’? (हत्तीरोगाच्या निमित्ताने)

महालवाली:
नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या भागासाठी हत्तीरोगावर एक भित्तिपत्रक तयार होत आहे. त्यात वस्त्यांचा नकाशा आहे. उघड्या नाल्या, डबकी, तलावाचे काठ, सखल जागा आणि घरांची दाटी पाहून हा आजार पसरायला कुठे किती वाव आहे, ते रंगांनी दाखवलं आहे. मराठी मजकुराचं काम माझ्याकडे आहे. हाती आलेल्या मसुद्यात नकाशाचं नाव ‘पर्यावरणीय धोका नकाशा’ आहे आणि लाल रंगापुढे ‘धोकादायक वस्ती’ असं लिहिलं आहे. मला दोन्ही खटकतात. ‘जोखीम’ हा शब्द जास्त बरोबर वाटतो, पण तो का बरोबर, हे नीट सांगता येत नाही. शिवाय मसुद्यात हत्तीरोगाला लावलेली ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार’ ही पदवी सामान्य वाचकाला पेलेल का?

भूगोल शिक्षक, उमरेड:
ताई, तुमचा कान बरोबर आहे. दोन्ही शब्द वाक्यात कसे बसतात ते बघा. ‘पुढे धोका आहे’ हे वाक्य पूर्ण आहे, तिथे माणूस नसला तरी चालतं. ‘जोखीम’ म्हटलं की कुणावर, कशाची, हा प्रश्न लगेच येतो. जोखीम माणूस पत्करतो, उचलतो, अंगावर घेतो. ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको’ असं घरातली मोठी माणसं म्हणायची, तेव्हा दागिने किंवा रोकड बरोबर आहे असा अर्थ असायचा. म्हणजे या शब्दात जपण्यासारखं काहीतरी आणि ते जपणारा माणूस, दोन्ही येतात.

शास्त्रातही हाच भेद आहे. तुंबलेली नाली आणि तिच्यातले डास हा धोका. त्या नालीशेजारी किती लोक राहतात, रात्री मच्छरदाणीत झोपतात का, हत्तीरोगाच्या मोहिमेतल्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे सगळं त्यात मिळवलं की जोखीम होते. ओसाड जागेतल्या घाण पाण्यात धोका भरपूर असेल, पण तिथे कुणी राहत नसेल तर जोखीम जवळजवळ नाही. तुमच्या नकाशात घरांची दाटी धरली आहे, म्हणून ‘जोखीम नकाशा’ हेच नाव योग्य.

नागपुरापुरतं आणखी एक कारण आहे. इथे अर्धा बाजार हिंदीत चालतो आणि हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. मोठ्या अक्षरातला ‘धोका’ घाईत वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागू शकतो. ‘जोखीम’ मात्र हिंदीतही ‘जोखिम’च आहे.

निवृत्त आरोग्य कर्मचारी:
शब्दांतलं मला सरांइतकं कळत नाही, पण हत्तीरोगाच्या कामात हयात गेली म्हणून लिहितो. ‘धोकादायक वस्ती’ कृपा करून छापू नका. आम्ही रात्रीचे रक्तनमुने घ्यायला जायचो तेव्हा लोक दारातच विचारायचे, ‘आमच्याच मोहल्ल्याचं नाव काहून घेता जी?’ त्यांचं दुखणं खरं होतं. वस्तीचं नाव अशा आजाराला चिकटलं की सोयरीक जुळताना अडते. लाल रंग वस्तीचा नाही, परिस्थितीचा आहे. नाली वाहती झाली तर रंग उतरतो. म्हणून ‘जास्त जोखमीची परिस्थिती’ असं लिहा.

लोकांच्या मनात ठाण मांडून बसलेला एक गैरसमज आहे, त्याचीही जागा या पत्रकात हवी. ज्याचा पाय सुजलेला दिसतो त्याच्यापासून आजार पसरतो असं समजतात. प्रत्यक्षात पाय सुजलेल्या बहुतेकांच्या रक्तात हा आजार करणाऱ्या जंतूंची, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंतांची, पिल्लं सापडतच नाहीत. ती सापडतात वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात. प्रौढ जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. हा आजार पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रक्त रात्री घ्यायचं कारण हेच. चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने हे जंतू डासात वाढतात हे १८७७ साली दाखवलं.

म्हणून सुजलेल्या पायांची घरं मोजून काढलेला नकाशा वेगळा आणि तुमचा नकाशा वेगळा. आज सुजलेला दिसणारा पाय कित्येक वर्षांपूर्वीच्या, कदाचित दुसऱ्याच गावच्या डासांचा परिणाम असतो. तो ‘रुग्ण नकाशा’. मलमपट्टी, पाय धुण्याचं शिक्षण, अंडवृद्धीची शस्त्रक्रिया यांसाठी तो लागतो. तुमचा नकाशा पुढे काय होऊ शकतं ते सांगतो. पत्रकात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

संस्कृतवाचक:
काकांचा मुद्दा वाचून एक जुना आधार आठवला. हत्तीरोगाचं संस्कृत नाव श्लीपद. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात १२व्या अध्यायात म्हटलं आहे:

पुराणोदकभूयिष्ठाः सर्वर्तुषु च शीतलाः ।
ये देशास्तेषु जायन्ते श्लीपदानि विशेषतः ॥

जिथे जुनं, साचलेलं पाणी फार आणि जे प्रदेश सगळ्या ऋतूंत थंड, तिथे श्लीपद विशेष होतं. डासाचा यात पत्ता नाही, तरी आजाराची जागा पाण्यावरून ओळखली आहे. ‘पुराणोदक’ हा शब्द मला फार आवडतो. ‘साचलेलं पाणी’ म्हटलं की कालचा पाऊसही त्यात येतो, ‘पुराणोदक’ म्हणजे मुरलेलं, कुजत पडलेलं पाणी. क्युलेक्सला नेमकं तेच लागतं.

भूगोल शिक्षक, उमरेड:
वा, हे माहीत नव्हतं. ‘सर्वर्तुषु शीतल’ आपल्या मे महिन्याला मुळीच लागू नाही, पण पहिला चरण नागपूरला चपखल बसतो. काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही, उतार कमी, नाग आणि पिवळी या नद्यांत शहराचं सांडपाणी. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमधल्या संशोधकांनी तामिळनाडूसाठी हत्तीरोगाच्या प्रसाराची जोखीम अशीच काढली होती. समुद्रसपाटीपासूनची उंची, तापमान, पाऊस, आर्द्रता, मातीचा प्रकार अशा गोष्टी एकत्र करून त्यांनी जोखमीचा निर्देशांक बसवला. आपल्याकडे तर मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आणि राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, दोन्ही नागपुरातच आहेत. मातीचे आणि उपग्रहाचे नकाशे दाराशी असलेल्या शहरात प्रत्येक वस्तीचा असा नकाशा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरी. कूलर आणि टायर या नकाशात घालू नका. त्यांतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस वाढतो. दोन्ही एकत्र केले तर लोक कूलर कोरडा करून निश्चिंत होतील आणि संडासाच्या टाकीचा उघडा पाइप तसाच राहील. त्या पाइपला जाळी बांधणं हे हत्तीरोगासाठी मोठं काम आहे.

महालवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘वाहक’ या शब्दाचं काय करू? मसुद्यात डासालाही वाहक म्हटलंय आणि रक्तात जंतू असलेल्या माणसालाही.

निवृत्त आरोग्य कर्मचारी:
डासाला डास म्हणा. माणसाला ‘वाहक’ म्हणाल तर तो रक्त द्यायला पुढे येणारच नाही. ‘रक्तात जंतू आढळलेली व्यक्ती’ लांब आहे, पण माणुसकीचं आहे.

संस्कृतवाचक:
‘दुर्लक्षित’ ठेवा, ‘उपेक्षित’ नको. उपेक्षा माणसांची होते, दुर्लक्ष आजाराकडे होतं. ‘उष्णकटिबंधीय’ शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, भिंतीवर ‘उष्ण प्रदेशांतले दुर्लक्षित आजार’ पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या या यादीत हत्तीरोगासोबत कुष्ठरोग, काळा आजार आणि २०१७पासून सर्पदंशही आहे. एवढं एका ओळीत सांगितलं की ‘दुर्लक्षित’चा अर्थ वेगळा समजावावा लागणार नाही.

महालवाली:
मग मजकूर असा करते. नाव: ‘हत्तीरोग: आपल्या भागाचा जोखीम नकाशा’. लाल: ‘जास्त जोखीम. नाली तुंबलेली, घरं दाट’. पिवळा: ‘मध्यम जोखीम’. हिरवा: ‘कमी जोखीम’. हिरव्यापुढे ‘सुरक्षित’ असं होतं, ते काढते. आणि ‘गटार’ नाही, सगळीकडे ‘नाली’च.

निवृत्त आरोग्य कर्मचारी:
‘सुरक्षित’ काढलंत हे फार चांगलं केलंत. हिरव्या भागातली माणसं गोळ्या परत करतात, ‘आमच्याकडे नाही हा आजार’ म्हणतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधांचा उपचार सुरू झाला: डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. देशात सुरुवातीला हा उपचार मोजक्याच जिल्ह्यांत आला, त्यात आपण होतो. पण गोळी घरात ठेवून जंतू मरत नाहीत. हिरव्यापुढे एवढी ओळ वाढवा: ‘मोहिमेच्या गोळ्या इथेही घ्यायच्या, कर्मचाऱ्यासमोरच’. आणि खाली बारीक अक्षरात नको, त्याच आकारात: गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांनी घ्यायच्या नाहीत.