खाडीकाठच्या गावात पर्यावरणविषयक माहितीपट कसे दाखवावेत?

प्रश्न : शास्त्रीकाठ

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदीच्या खाडीलगतच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला नुकताच प्रोजेक्टर मिळाला असून आठवी ते दहावीच्या मुलांना, आणि जमल्यास गावकऱ्यांनाही, पर्यावरणाविषयीचे माहितीपट दाखवावेत असा विचार आहे. उपलब्ध माहितीपट पाहताना एक अडचण लगेच जाणवली. त्यांतले बहुतेक प्रवाळ, हिमनग आणि ध्रुवीय अस्वले यांविषयीचे आहेत. ते पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. पण ज्या तिवरांच्या (खाडीतल्या खारफुटीच्या झाडांच्या) मुळांमध्ये आमची मुले खेकडे पकडतात, त्यांच्याबद्दल तिथे एक वाक्यही नसते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. समुद्राविषयीच्या अनेक माहितीपटांत मासेमारी करणारा माणूसच विनाशाचे कारण म्हणून उभा केलेला असतो, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील खाडीत जाळी टाकतात किंवा मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मुलाने आपल्या बापाकडे गुन्हेगार म्हणून पाहावे, असे शिक्षण मला द्यायचे नाही. त्याच वेळी लहान मासळी ओरबाडली जाते, हेही झाकून ठेवायचे नाही. किनाऱ्यावरच्या गावांत ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत, त्यांनी निवड, भाषा आणि नंतरची चर्चा यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : सुरूबन, दापोली

ताई, आपला विचार स्तुत्य आहे, म्हणूनच थोडे सविस्तर लिहितो. मी निवृत्त शिक्षक आहे आणि आमच्या तालुक्यातील शाळांमध्ये अजूनही असे कार्यक्रम करतो.

माहितीपट पाहिला की माणूस बदलतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पर्यावरणाच्या प्रश्नांवर लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये दिलेल्या निकालात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयीच्या किमान दोन स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात आणि सरकारने या विषयावर लघुपट तयार करावेत, असे निर्देश होते. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची भूमिकाही त्याच निकालात घेतली गेली. हेतू उत्तमच होता, पण दाखवणे आणि शिकवणे यांत अंतर राहते. बीबीसीच्या २०१७ मधील ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेमुळे प्लास्टिकविरोधी लाट आली असे सर्वत्र म्हटले गेले. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात असे दिसले की, ती पाहणाऱ्यांचे ज्ञान वाढले, प्लास्टिकची निवड मात्र कमी झाली नाही.

यावरून माहितीपट निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. डोळ्याला जे दिसत नाही, तेवढ्यासाठीच त्यांचा उपयोग करावा, असे माझे मत आहे. आपल्या खाडीतली तिवराची श्वसनमुळे ओहोटीला चिखलातून वर आलेली असतात, ती मुलांनी रोज पाहिलेली आहेत. पण भरतीच्या पाण्याखाली त्याच मुळांच्या आसऱ्याला कोळंबीची आणि माशांची पिल्ले कशी राहतात, हे कॅमेऱ्यावाचून दिसणे कठीण. तसेच झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे खाली लोंबणारे कांदळ या खारफुटीच्या झाडाचे रोप गळून पडल्यावर चिखलात कसे मूळ धरते, हे संथ काम वेगाने फिरवलेल्या चित्रणात दोन मिनिटांत समजते. उरलेले सगळे प्रत्यक्ष खाडीवर शिकवावे. त्याच आठवड्यात ओहोटीची वेळ पाहून मुलांना घेऊन जावे, तिवराच्या पानावरचे मीठ जिभेला लावून पाहू द्यावे, खारफुटीच्या झाडांतली चिप्पी कुठली आणि कांदळ कुठला ते त्यांनाच ओळखू द्यावे. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे तिथे झाडापाशी उभे राहून सांगितलेले मुले विसरत नाहीत.

भाषेबद्दल म्हणाल तर इंग्रजी निवेदनाचा आवाज बंद करून आपण स्वतः मराठीत बोलावे. सलग तासभर काही दाखवू नये. दहा-बारा मिनिटांचा तुकडा निवडावा, मध्ये थांबवावा आणि पुढे काय होईल ते मुलांना विचारावे. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास या किनारी गावाचे उदाहरणही दाखवण्याजोगे आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले, आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातल्या घरांत पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचा व्यवसाय उभा राहिला. आपल्यासारख्याच गावातली माणसे पडद्यावर दिसली की प्रेक्षकांचे प्रश्न बदलतात.

उत्तर : रापणकर, मालवण

नमस्कार बाई. गुरुजींचे म्हणणे शाळेपुरते मला पटते. परंतु आपली दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे आणि त्यांच्या उत्तरात तिला पुरेशी जागा मिळालेली नाही, असे नम्रपणे सांगतो.

‘मच्छीमार’ या एकाच नावाखाली माहितीपटांत सगळ्यांना एकत्र बांधले जाते, तिथेच चूक होते. किनाऱ्यावरून रापण ओढणारा, होडीतून जाळी टाकणारा, ट्रॉलरचा मालक, मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून पकडणारा पर्ससीनवाला आणि प्रखर दिवे लावून रात्री मासळी गोळा करणारा, हे सगळे सारखे नाहीत. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी आणली. या दोन्हींसाठी पारंपरिक मच्छीमारांनीच आंदोलने केली होती. म्हणजे समुद्र वाचवा, असे आम्ही माहितीपट येण्यापूर्वीपासून म्हणत आलो आहोत. आपण जो माहितीपट दाखवाल त्यात कोणते जाळे, कोणाच्या मालकीचे आणि त्यातली मासळी कुठे जाते, हे मुलांना विचारावे. तेवढ्याने बापाकडे बोट दाखवले जाणार नाही आणि लहान मासळीचा विषयही टळणार नाही. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले गेले, ते त्याची घट थांबावी म्हणून. अंडी घालण्याआधीच पकडलेल्या पापलेटाला किती भाव मिळतो आणि तोच वाढू दिला तर किती, हा हिशेब प्रत्येक मच्छीमाराच्या घरी समजतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. आपली मासेमारी बंद पडेल या भीतीने इथल्या लोकांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्याकडे अजूनही काही जण संशयाने पाहतात. म्हणून गावात कार्यक्रम करताना पडदा मिटल्यावर पहिला शब्द शिक्षकांनी बोलू नये. वाडीतल्या एखाद्या जुन्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, बोलू द्यावे. ‘पूर्वी इथे कोणती मासळी मिळत असे’ एवढे त्याला विचारले तरी पुरे.

आणखी एक सुचवतो. जाळ्यात अडकलेले कासव किंवा इतर संरक्षित जीव जाळे कापून सोडल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत २०१८ च्या अखेरीपासून राबवली जाते. त्यासाठी पुरावा म्हणून छायाचित्रे किंवा चित्रण द्यावे लागते. त्यामुळे अनेक खलाशांच्या मोबाइलमध्ये अशी चित्रणे आहेत. पालकांकडून ती मिळवून वर्गात दाखवावीत. आपला बाप कासव सोडवताना मुलाने पडद्यावर पाहावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : कातळकॅमेरा, राजापूर

मी लघुपट तयार करते, त्यामुळे काही व्यावहारिक बाबी सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींसमोर चित्रपट दाखवणे हे उल्लंघन ठरत नाही. सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या गावच्या चौथऱ्यावर) किंवा देवळाच्या सभामंडपात सर्वांसाठी दाखवायचा असेल, तर निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी. लहान निर्माते ती बहुधा आनंदाने देतात.

मुलांनी स्वतः चित्रण करावे, पण कासवाच्या मादीवर रात्री दिवा किंवा फ्लॅश टाकू नये, कारण उजेडाने ती अंडी न घालता परत फिरू शकते. घरट्याची नेमकी जागा दाखवणारे चित्रण कुठेही पाठवू नये.

विषय केवळ समुद्राचा ठेवू नका, अशीही विनंती आहे. आपल्या सड्यांना, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांना, सरकारदरबारी पडीक म्हटले जाते, पावसाळ्यात तिथे उगवणारी इवली फुले आणि कातळावरच्या डबक्यांतली जीवसृष्टी फारशी कोणी चित्रित करत नाही. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यामुळे तेवढ्यांकडे लक्ष गेले. भोवतालच्या सड्याकडे अजून जायचे आहे. हा विषय गणपतीत दाखवावा, कारण जमिनी विकायच्या की राखायच्या याचा निर्णय बहुतेक घरांत चाकरमान्यांच्या हाती असतो आणि ते त्याच दिवसांत गावी असतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : शास्त्रीकाठ

गुरुजी, दादा आणि ताई, आपण सर्वांनी आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. पालकांकडून चित्रणे मागवण्याचे काम लगेच सुरू करते. शाळेतला पहिला कार्यक्रम त्यांचाच करीन आणि खाडीवरची फेरी त्याच आठवड्यात ठेवीन. पालकांसाठी जून-जुलैमधला मासेमारीबंदीचा काळ योग्य वाटतो, कारण तेव्हा सगळे घरी असतात. मात्र पावसात वीज टिकत नाही आणि पत्र्यावरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर : सुरूबन, दापोली

बंदी १ जून ते ३१ जुलै असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, एक संध्याकाळ मिळू शकते. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून किल्ली आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. नंतर करायचे असल्यास कौलारू वर्गखोली निवडावी, तिथे पावसाचा आवाज कमी येतो. प्रोजेक्टर चालेल इतका इन्व्हर्टर ग्रामपंचायतीकडे आहे का, ते विचारावे आणि चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून न्यावे. नेटवर्कवर विसंबू नये.