शिवसागर बघायला बामणोली की तापोळा?

मिरजकर_ताई:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-वडील आणि मुलांना घेऊन शिवसागरला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, जायचं ठरतंय. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वासोटा किल्ल्याची चढण नाही. फक्त बोटीत बसायचंय. बामणोली बरं की तापोळा? कोयना धरणही त्याच दिवशी होईल का?

कराडचा_प्रवासी:
एका दिवसात नको. जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब, धरण एका टोकाला नि तापोळा दुसऱ्या. धरण बघायचं तर कोयनानगरला नेहरू उद्यानातून छान दिसतं, तो वेगळा दिवस ठेवा.

जावळीकर:
ताई, साताऱ्यावरून कासमार्गे बामणोलीलाच या. दिवाळीत पाणी काठोकाठ असतं, बोटीपर्यंत फार उतरावं लागत नाही. वडिलांना तेच सोयीचं. उन्हाळ्यात पाणी पार खाली जातं.

पण एक सांगतो, राहवत नाही म्हणून. माझं आजोळ या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनी (पाणी ओसरल्यावर गाळात पेरतात त्या) उघड्या पडतात आणि जुन्या घरांची जोती दिसायला लागतात. आजीला तिचं घर उखळावरून ओळखू यायचं. माजघरात पुरलेलं दगडी उखळ, एका बाजूने कड उडालेलं. त्यातला गाळ ती हाताने काढायची. मग बराच वेळ तिथेच बसायची.

कोयनेची वीज १९६० मेगावॉट, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठी नदीला मिळतं. कोयना मूळची कराडला कृष्णेला मिळणारी, तिचं एवढं पाणी कोकणात जातं. त्यासाठी ज्यांनी गावं सोडली, त्यातल्या कित्येकांना कबूल केलेली जमीन अजून मिळालेली नाही. हे मला फार लागतं. तळं सुंदर आहेच, मनसोक्त बघा. फक्त मुलांना सांगा, खाली गावं आहेत. नावाडी इथलेच असतात, त्यांना विचारा कुठल्या गावावरून चाललोय ते. आनंदाने सांगतात.

कराडचा_प्रवासी:
आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावा, मुलं कुरकुरली तरी.

मिरजकर_ताई:
दादा, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांच्या वर्गात एक मुलगा कोयनेच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीतला होता म्हणे, अजून बोलणं आहे. त्याचं मूळ गाव कोणतं, ते आत्ता फोन लावून विचारतायत. बामणोली पक्कं.