गिअरबॉक्सच्या शेपटीशी शाफ्ट हलतोय: आधी बुश बदलायचा की आधी कारण शोधायचं?

जालनेकर: रिअर व्हील ड्राइव्हच्या (मागच्या चाकांवर चालणाऱ्या) ऑटोमॅटिक गाडीत टेल हाऊसिंगमधून (गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या खोळीतून) लाल ऑइल पाझरतंय आणि तिथला योक, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये घुसणारं टोक, हाताने वर-खाली हलतोय, तरी आपल्याकडे नुसतं सील बदलून गाडी सोडून देतात. मला हे पटत नाही. सील फक्त ऑइल अडवतं, योकला सरळ धरतो तो बुश, म्हणजे त्याच्याभोवतीची धातूची कडी. बुश खाल्लेला (झिजलेला) असेल तर योक डोलत फिरतो आणि नवं सीलही लवकरच जातं. दोन्ही एकदमच बदला. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. शाफ्ट काढला की बुश पुलरने निघतो. नवा बसवताना ऑइलची खाच जुन्याच जागी आली पाहिजे, नाहीतर तो कोरडा चालून जळतो.

लातूरचा फिटर: दादा, बुश बदला की, पण तो खाल्ला कशामुळे? शाफ्टचा बॅलन्स गेलेला, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) ढिला, नाहीतर गिअरबॉक्सचं मागचं फाउंडेशन (आधाराचं रबर) बसलेलं. पावसाळ्यात आपली काळी माती शाफ्टला चिकटून वाळते, तेवढ्यानेही थरथर सुरू होते. आधी शाफ्ट धुवा, मगच निदान करा. फाउंडेशन बसलं की क्रॉसचा कोन बिघडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या कोनांत साधारण 1 अंशापेक्षा जास्त फरक नको. हे तसंच ठेवून टाकलेला बुश परत खाणारच.

जालनेकर: म्हणजे ऑइल गळत असताना गाडी बॅलन्सिंगच्या रांगेत उभी करायची? ऑइलची लेव्हल घटली तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळतात, तो खर्च कितीतरी मोठा.

लातूरचा फिटर: रांग कशाला, तपासणी रॅम्पवर लगेच होते. इंजिन बंद, चाकांना अडण, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर पी मध्ये. एका हाताने योक धरा, दुसऱ्याने शाफ्ट पिळा. दोघांत फरक जाणवला तर क्रॉस गेला. त्याच्या टोप्यांशी तांबडी भुकटी दिसली तर शंकाच नको. योक आणि शाफ्ट मिळून थोडे फिरतात तो स्प्लाइनचा (योकच्या आतल्या खाचांचा) आणि पार्किंग पॉलच्या (पी मध्ये शाफ्ट अडवणाऱ्या खटक्याच्या) दातांमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, त्याला बुशचा दोष म्हणू नका. योक पुढे-मागे सरकणं तर त्याचं कामच आहे. बुशचा खेळ फक्त वर-खाली आणि आडवा. तो डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा.

परभणीकर: एक गोष्ट दोघांकडूनही राहिली. शाफ्ट काढल्यावर आउटपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून मागे येणाऱ्या, योक ज्यावर बसतो त्या दांड्याचं) टोक हलताना बघून काही जण आतलं बेअरिंग गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स खोलायला लावतात. अशा सरकत्या योकच्या रचनेत त्या टोकाला मागून आधार योक आणि बुशचाच असतो, म्हणून योक काढल्यावर थोडं हलणारच. खात्री करायची तर नवा योक घालून बघा. खेळ गेला तर जुना योकच झिजलेला. त्यावर नखाला लागेल अशी चर असेल तर नवा बुशही वाया जाईल. नव्या योकनेही हलतोय तर बुश. योकऐवजी फ्लँजला (चपट्या तबकडीला) बोल्टने जोडलेला शाफ्ट असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथे फ्लँज हलला तर दोष आतल्या बेअरिंगमध्ये शोधावा लागतो.

जालनेकर: योकचा मुद्दा मान्य. पण फाउंडेशन आणि क्रॉस ठीक निघाले तर बुश-सील लगेच टाका, बॅलन्सिंग नंतर करा, यावर मी ठाम आहे.

लातूरचा फिटर: थरथर नसेल तर चालेल. मॅन्युअल मोडमध्ये स्पीड तोच ठेवून गिअर बदला. आरपीएम बदलूनही थरथर तशीच राहिली तर ती इंजिनची नाही, चाकं नाहीतर शाफ्ट. चाकांचा बॅलन्स ठीक निघाला तर आधी शाफ्टचं बॅलन्सिंग, मग बुश. आणि शाफ्ट काढण्याआधी तो आणि मागचा फ्लँज दोन्हींवर खूण करा, फिरवून बसवला तर नवीच थरथर सुरू होते.